बावीसची रेघ

१७ ऑगस्ट, गुरुवार. नारिन

घडलं ते क्रमाने.

१. १२ मे, शुक्रवार. कारा-बुलुङ गावात एकाच घरातल्या दोन म्हाताऱ्यांची स्मृतिभ्रंशाची चाचणी मी घेतली. सख्ख्या जावा, दोघी विधवा. थोरली झुउरा आपा, वय ७८. धाकटी बात्मा आपा, ७४.

२. तीसपैकी गुण — झुउरा १९, बात्मा २३. बावीसच्या खाली 'शक्यता आहे'. बावीस किंवा वर 'लक्षणं नाहीत'. अभ्यासातल्या सातही देशांत हीच रेघ.

३. ३० मे. दोघींची पत्रं घरी गेली. खाली माझी सही.

४. झुउराच्या पत्रात छापील वाक्य होतं: एकटं सोडू नये. तिचा मुलगा माक्सात राजधानी बिश्केकहून गाडी घेऊन आला आणि तिला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. नववा मजला.

५. बात्माच्या पत्रात: देखरेखीची गरज नाही. म्हणून जूनमध्ये गुरांबरोबर तिला वरच्या कुरणावर पाठवलं. दूध, साय, वासरं सगळं तिच्याकडे. तिची सून जिपार आपल्या दोन लहान मुलींना घेऊन खाली गावात, गवत कापायला.

६. १४ ऑगस्टला दुपारी बात्मा वासरं आणायला म्हणून तंबूतून निघाली. संध्याकाळी वासरं आपली आपण परतली. ती परतली नाही.

७. १५ ला दुपारी घोडेवाल्यांना दरीपलीकडे सापडली. ओढ्यात बसलेली. पायात एकच बूट. न्यूमोनिया. इथे नारिनच्या इस्पितळात आहे.

हे सगळं आज सकाळी जिपारने फोनवर सांगितलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "नुरझात एजे, दहा सप्टेंबरला घराण्यातले म्हातारे बसणार आहेत. माझ्या भावालाही बोलावलंय. तुमच्या कागदावर सासूबाई धडधाकट आहेत. मग त्या हरवल्या त्याला मी सोडून दुसरं कोण?"

भावाला बोलावतात ते कशासाठी, हे इथे कुणी विचारत नाही. सुनेला परत घेऊन जा म्हणण्यासाठी.

मी म्हटलं, मी तपासते.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

झुउरा आपाचा तक्ता काढला. गेलेले गुण असे.

आज वार कोणता? — "मशिदीत गर्दी होते तो." शून्य.

ही गल्ली कुठली? — "आमच्या थोरल्यांची." शून्य. गल्लीला तिच्याच सासऱ्याचं नाव आहे. नामांकित मेंढपाळ होते. जुमाबाय.

तिसरं चित्र, कुऱ्हाड — "सरपण फोडतात ते." शून्य.

शब्दांची यादी. कुऱ्हाड त्यात दोनदा मोजतो, लगेच एकदा आणि दहा मिनिटांनी एकदा. दोन्ही वेळा "फोडणारं". शून्य, शून्य.

वाक्य म्हणून दाखवा: शुक्रवारी पाहुणे लवकर निघाले. ती म्हणाली, "त्या दिवशी पाहुणे लवकर निघाले." शून्य.

सहा. १९ आणि ६, पंचवीस.

सासरे जुमाबाय. जुमा म्हणजे शुक्रवार. चुलत सासरे बाल्ताबाय. बाल्ता म्हणजे कुऱ्हाड. सून सासरच्या थोरल्यांचं नाव घेत नाही, आणि नावात असलेला शब्दही घेत नाही, मग तो वार असो की हत्यार. झुउरा आपा साठ वर्षं शुक्रवारला वळसा घालून जगली आहे. मी त्याला विस्मरण म्हटलं.

मूळ चाचणीत कुऱ्हाड नव्हतीच. तिथे हार्प होतं, मोठं तारवाद्य. इथल्या बायांनी ते कधी पाहिलेलं नाही, काहीतरी घरगुती घ्या, असं मीच सुचवलं. प्रशिक्षणात त्याचं कौतुक झालं. वाक्यातला शुक्रवारही माझाच. मूळ वाक्यात मंगळवार होता, पण आमच्या भाषेत तो लांब होतो. वाक्याची लांबी सगळ्या देशांत सारखी हवी म्हणून बदलला.

'मला कळलं नव्हतं' असं लिहिणार होते. कळलं होतं. पहिल्याच उत्तराला. माझी आई माझ्या थोरल्या काकांना आजही 'उंच भाऊ' म्हणते. मला कळलं आणि मी शून्य लिहिलं, कारण यादीत नसलेलं उत्तर ग्राह्य धरू नये असा नियम आहे. शून्य लिहिताना मला बरं वाटलं होतं. आपण आपल्या माणसांना झुकतं माप देत नाही, असं काहीतरी.

बात्माचा तक्ता उघडला. तेवीस. बंद केला.

१९ ऑगस्ट

बात्माची बेरीज पुन्हा केली. बरोबर आहे.

२० ऑगस्ट, रविवार

इस्पितळात गेले. चार खाटांची खोली, बात्मा आपा खिडकीशी. नळी लावलेली, गाल लाल, डोळे चमकदार. शेजारच्या खाटेवरची जाड बाई मला बघून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हिला सांगा जुमाबायला जरा विसावा दे म्हणून. सकाळपासून त्यालाच हाका मारतेय. कोण गं तो, जुना मित्र?"

खोली हसली. जिपार हसली नाही. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घेतला आणि ताटली पुसायला लागली. ताटली स्वच्छ होती.

"तू कुणाची गं?" बात्मा आपाने मला विचारलं.

"मी नुरझात. मे महिन्यात प्रश्न विचारायला आले होते."

"मग? पास झाले का मी?"

"झालात."

"थोरलीला सांग. ती म्हणते, तुला काही जमत नाही." मग दाराकडे बघत, "थोरली कुठंय? ती पुढे चालली की मला वाट सापडते. मी आईकडे निघाले होते, साय घेऊन. मध्येच कुणीतरी डोंगर हलवला."

तिची आई जाऊन पन्नास वर्षं तरी झाली असतील. माहेर खरंच त्या दिशेला आहे, दरीपलीकडे. नकाशावर बघितलं.

बाहेर व्हरांड्यात जिपार म्हणाली, "मी तुम्हाला मे महिन्यातच सांगितलं होतं."

"काय?" मी विचारलं. मला माहीत होतं काय.

"चहा घेऊन आले तेव्हा. म्हटलं, सासूबाई हल्ली थोरल्यांची नावं घेतात, चारचौघांत, मला मान वर करवत नाही. तुम्ही म्हणालात, ते या प्रश्नांत बसत नाही." मग म्हणाली, "मी काही त्यांची चुगली करत नव्हते हो. वाटलं, तुम्ही लिहून घ्याल."

लिहून घेतलं नाही. शेऱ्याचा रकाना रिकामा आहे.

आता सरळ मांडते. या खोऱ्यात बाईचं मन सुटायला लागलं की पहिल्यांदा काय सुटतं? सासऱ्याचं नाव. प्रत्येक सुनेला ते ऐकू येतं. बात्मा आपाने त्या दिवशी वार सांगितला, गल्ली सांगितली, कुऱ्हाड सांगितली, वाक्य घडाघडा म्हटलं. प्रत्येकाला एक गुण. तिचा आजार सहा गुणांचा होता आणि ते सहाही मी तिला दिले.

२२ ऑगस्ट, मंगळवार

गुलसून ओसमोनोव्नांना फोन केला. आमच्या देशातलं काम त्या बघतात. सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "माहिती घेणं ३१ तारखेला बंद होतंय. आता गुण बदलता येणार नाहीत."

"पण उत्तरं बरोबर होती."

"नुरझात, उद्या प्रत्येक देश आपापल्या चालीरीतींचे गुण मागेल. मग तुलना कशाची करायची आम्ही? चहाच्या चवीची?"

शेवटी एवढं मिळालं — झुउराची फेरचाचणी घेता येईल. तोच तक्ता, तेच नियम. ३१ च्या आत. बात्माची नाही, ती इस्पितळात आहे, ताप असताना चाचणी धरत नाहीत. आणि तिच्या मे महिन्याच्या गुणांत चूक कुठे आहे? नियमाप्रमाणे बरोबरच आहेत ना?

मी हो म्हटलं.

"तू सगळ्यांत नेमकी आहेस म्हणून नारिन तुझ्याकडे दिलं," त्या म्हणाल्या. कौतुकानेच.

२३ ऑगस्ट

प्रकल्पाच्या प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य: गरीब देशांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो. तो खरंच कमी असतो, की घरातली माणसं झाकतात? हे वाक्य मला फार आवडलं होतं. अर्ज केला तो त्यासाठीच.

तक्त्याचा दुसरा भाग आज पुन्हा वाचला. बावीसच्या खाली आलं की घरातल्या कुणाला तरी बसवून विचारायचा तो. 'स्वतःचा चहा स्वतः करते का?' घरात सून असताना इथली कोणती म्हातारी स्वतःचा चहा ओतते? 'अनोळखी जागी वाट चुकते का?' अनोळखी जागी तिला एकटं कोण जाऊ देतं? श्रीमंत देशांत म्हातारं माणूस एकटं राहतं, म्हणून चुकलं की लगेच दिसतं. आमच्याकडे त्याच्या पुढे-मागे कुणी ना कुणी असतं. आजार त्या सोबतच्या माणसाच्या आड असतो.

झुउराच्या वेळी हा भाग माक्सातकडून फोनवर भरून घेतला होता. त्याने सगळ्याला 'माहीत नाही' सांगितलं. वर्षातून दोनदा येतो तो.

२५ ऑगस्ट, शुक्रवार. बिश्केक

सकाळची गाडी, दोलोनची खिंड, साडेपाच तास. माक्सातच्या दारापाशी पोचले आणि लक्षात आलं, आज शुक्रवार. गुरुवारी आले असते तर एक प्रश्न तरी चुकवता आला असता. सुचलंच नाही. मला नेमकी म्हणतात.

दाराला बाहेरून कुलूप. माक्सात कामावरून उघडायला आला. पन्नाशीचा, थकलेला माणूस. मी कुलपाकडे बघितलं ते त्याला दिसलं.

"असं बघू नका. तुम्हीच लिहिलंत, एकटं सोडू नये. मी बसचालक आहे, आईला बसमध्ये घेऊन फिरू? की नोकरी सोडू?"

मी बूट काढून आत गेले.

झुउरा आपा खिडकीपाशी खुर्चीत. मेमध्ये होती त्याच्या पाऊण झाली आहे. आवाज तोच.

"ये, परीक्षावाली. या खेपेला प्रश्न तरी बदलून आणलेस का?"

"नाही आणले, आपा."

"मग मी तरी उत्तरं कुठून बदलून आणू?"

मी तिला सहा जागा दाखवल्या. एकेक. कुठे काय म्हणाली आणि कुठे काय म्हणायला हवं होतं. ती तक्त्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे नावं घेतली की शहाणी. नाही घेतली की वेडी."

"फक्त कागदापुरतं."

"कुलूपही कागदापुरतंच लावलंय का?"

मग मी बात्मा आपाचं सांगितलं. माक्सातने तिला फक्त 'पडली, पाय मुरगळला' एवढंच सांगितलं होतं. तिचे हात मांडीवर, उताणे.

"दोन हिवाळे झाले," ती म्हणाली. "पहिल्यांदा तिने सासऱ्यांचं नाव घेतलं तेव्हा मी तिला चिमटा काढला. मला म्हणाली, का गं, कोण आहे तो? त्यानंतर मी चिमटे काढले नाहीत. ती उठायच्या आधी उठायचं. दूध तिने तापवलं की मी चूल बघायची. ती बाहेर निघाली की मलाही बाहेर काम निघायचं. सुनेलासुद्धा कळू दिलं नाही. तिला वाटायचं, सासूबाई निर्लज्ज झाल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू वार विचारलास."

मी म्हटलं, आपा, तुम्ही नावं घेऊ नका. तुम्ही घेतली असं मी लिहिते.

"तू लिहिलंस म्हणजे मी घेतल्यासारखंच. कागद जाईल गावात, वाचतील सगळे. त्यापेक्षा असं कर. मी जे म्हणते ते लिही. पुढे लिही की हे बरोबर आहे, ही बाई शहाणी आहे. आणि खाली तुझं नाव घाल."

"तसा रकाना नाही, आपा."

"रकाना नाही," ती म्हणाली. रागाने नाही. भाव पटला नाही की बाजारात माणूस जसं मागे वळतं, तसं.

मी थांबायला हवं होतं. कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला हवं होतं. पेन हातात होतं.

तिने माक्सातला बाहेर पाठवलं. "तू त्यांचा नातू. तू ऐकू नको." रुमाल तोंडावर ओढला, भिंतीकडे तोंड केलं. मी प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली. वार. कुऱ्हाड. वाक्य. पुन्हा कुऱ्हाड. पुन्हा कुऱ्हाड. प्रत्येक वेळी आधी एक छोटा श्वास. नियमाप्रमाणे ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायला लागतं, म्हणून शुक्रवार मी तिला दोनदा म्हणायला लावला.

इथली गल्ली कुठली, ते तिला माहीत नव्हतं. तीन महिन्यांत तिला कुणी खाली नेलेलंच नाही. शून्य.

चोवीस.

उठून मोरीत गेली. तीनदा चूळ भरली. बाहेर येऊन म्हणाली, "सासरे गेले त्याला एकेचाळीस वर्षं झाली. त्यांना कसं वाटलं असेल?" मग माझ्या हाताकडे बघून, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

घेतला.

२९ ऑगस्ट

झुउराचं नवीन पत्र निघालं. लक्षणं नाहीत. माक्सात तिला घेऊन नारिनला निघाला.

१ सप्टेंबर

जिपारचा फोन. झुउरा आपा घरी न जाता थेट इस्पितळात गेली. बात्मा आपाने तिचा हात धरला आणि म्हणाली, "उशीर केलास." ताप उतरलाय. सोमवारी घरी सोडतील. झुउरा आपा रात्रंदिवस तिच्याजवळ असते, तिथल्या परिचारिकांना सूचना देते, त्या वैतागल्यात.

मी म्हटलं, फार चांगलं झालं.

"हो," जिपार म्हणाली. मग सरळ आवाजात, "आता दोन्ही कागदांवर दोघी शहाण्या आहेत. झुउरा आपा सांगतात सगळ्यांना, की धाकटी दोन वर्षं आजारी आहे. म्हातारे म्हणतात, ती जाऊबाईला सांभाळून घेतेय, सुनेची दया येतेय तिला. माझा नवरा म्हणतो, सरकारी कागद खोटा असतो का? भाऊ नऊ तारखेला येतोय. मोठ्या मुलीची शाळा आजच सुरू झाली. तिचं दप्तर कुठे ठेवू ते कळत नाही मला."

मी म्हटलं, कागद सरकारी नाही, अभ्यासाचा आहे.

"त्याने काय होतं?" तिने विचारलं. खरंच विचारत होती.

२ सप्टेंबर

दिवसभर सगळे तक्ते चाळले. माझ्या सहीचे २१२. अशा आणखी किती झुउरा असतील ते शोधत होते. सतरापर्यंत मोजल्या. त्यांच्याबद्दल उद्या निवेदन तयार करणार, असं ठरवलं. चाचणीची चूक, भाषांतराची चूक, केंद्राची चूक. मुद्दे नीट लावले.

तक्ता क्रमांक ११८ चाळला नाही. त्याच्यावरून दोनदा पुढे गेले.

३ सप्टेंबर, रविवार

बात्मा आपाचे गुण २३ नव्हते. २१ होते.

दहा मिनिटांनंतरच्या यादीतले दोन शब्द तिला आठवले नाहीत. मी पहिलं अक्षर सांगितलं. मग दुसरं. ती हसली, म्हणाली, तूच सांग ना गं. मी सांगितले. तिने माझ्यामागून म्हटले. मी दोन खुणा केल्या. २१ लिहिलं असतं तर तक्त्याचा दुसरा भाग जिपारला विचारावा लागला असता, दीड तास. गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. आणि त्या घरातली एक रेघेखाली गेलीच होती. त्या दुसऱ्या भागातला पहिला प्रश्न असा आहे: वागण्यात अलीकडे काही बदल जाणवला का?

गुलसून ओसमोनोव्नांना आज पाठवलं ते इथे उतरवते.

"तक्ता क्र. ११८. खरे गुण २१. दोन गुण मी स्वतः वाढवले. सुनेने त्याच दिवशी लक्षण सांगितलं होतं, ते मी लिहून घेतलं नाही. हेच १० सप्टेंबरला कारा-बुलुङच्या बैठकीत मी उभी राहून वाचणार आहे, आणि खाली माझं नाव असेल. संस्थेचा शिक्का त्यावर देणार की नाही, ते शुक्रवार, ८ सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावं."